पंगत कोण मांडणार?

"ही चौकट जरा डावीकडे कशी सरकवायची?" मजकुरातून आकृती काढायला, म्हणजे चौकटी आणि बाण शब्दांत लिहून त्यांचं चित्र प्रोग्रामकडून काढून घ्यायला, बसलेला माणूस पहिल्या तासाभरात हा प्रश्न विचारतोच. उत्तर साधनागणिक वेगळं. कुठे ते एका शब्दाचं असतं, कुठे चार अदृश्य बाणांचं, आणि कुठे "सरकवता येत नाही" एवढंच. साधनाची निवड या उत्तरापासून सुरू करावी असं माझं मत आहे. किती प्रकारच्या आकृत्या येतात, रंग कसे दिसतात, एडिटरमध्ये झलक दिसते का, हे सगळं मागाहून बघता येतं.

मुळात आकृती मजकुरातून काढायचीच कशाला, यावर फार वेळ घालवायला नको. प्रोग्रामच्या दस्तऐवजात चिकटवलेलं चित्र शिळं होतं, कारण ते बदलायला मूळ फाइल लागते आणि ती कुणाच्या तरी लॅपटॉपवर राहून गेलेली असते. हाती उरतं ते पीएनजी, म्हणजे पिक्सेलांचं तयार चित्र, आणि त्यात दोन वर्षांपूर्वी बंद केलेली सेवा अजून डौलात उभी असते. तेच मजकुरात असेल तर सेवेचं नाव बदलणारं कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, आकृतीतलीही ओळ बदलतं, रिव्ह्यू करणाऱ्याला, म्हणजे बदल तपासणाऱ्याला, ते दिसतं आणि जुनं नाव कुठे राहून गेलं ते ग्रेप या शब्द शोधणाऱ्या प्रोग्रामने शोधता येतं. या सोयीची किंमत एवढीच, की जागेवरचा ताबा सोडावा लागतो. कधी थोडा, कधी पुरता.

ठिपक्यांची रांगोळी काढताना ठिपके मोजून आपणच टाकतो, कुठला ठिपका कुठे ते आपल्याला माहीत असतं. पंगतीचं तसं नसतं. यजमान एवढंच सांगतो की व्याही मंडळी समोरासमोर, मावशीच्या शेजारी मामी, मुलं एका ओळीत. पानं कुठे किती अंतरावर मांडायची ते वाढप्याने ठरवायचं. मजकुरी आकृत्यांची साधनं याच दोन घराण्यांत विभागली आहेत.

रांगोळीचं घराणं जुनं. ब्रायन कर्निहानने बेल लॅब्जमध्ये केलेली 'पिक' ही भाषा १९८२ साली शोधनिबंधातून पुढे आली. ट्रॉफ या छपाईच्या प्रोग्रामआधी ती चालायची. तिच्यात सांगायचं ते असं: चौकट काढ, तिथून बाण काढ, मग आणखी एक चौकट, आता खाली वळ. दिशा न सांगितल्यास उजवीकडे, चौकट पाऊण इंच रुंद आणि अर्धा इंच उंच, बाण अर्ध्या इंचाचा. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कर्ता रिचर्ड हिप याने २०२० मध्ये याच भाषेचा नवा अवतार केला, 'पिकचर'. तो सी भाषेत आहे, सीच्या प्रमाण लायब्ररीपलीकडे त्याला काही लागत नाही आणि थेट एसव्हीजी, म्हणजे मजकुरात साठवलेलं रेषांचं चित्र, काढतो. एसक्यूलाइटच्या दस्तऐवजातल्या वाक्यरचनेच्या रूळवजा आकृत्या त्यातूनच निघतात. अशा आकृतीत प्रत्येक वळण जागच्या जागीच हवं, तिथे यंत्राच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

अक्षरांनीच काढलेल्या चित्रांचं कुळही हेच. टीसीपी या इंटरनेटवरच्या संवादपद्धतीच्या हेडरची, म्हणजे निरोपाच्या माथ्यावरच्या माहितीची, आकृती १९८१ च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात अधिक-उणेच्या चिन्हांनी काढलेली आहे आणि २०२२ च्या आरएफसी ९२९३ मध्येही ती तशीच दिसते. तिच्यात ३२ बिट, प्रत्येकाला दोन स्तंभ आणि शेवटची कड एक, म्हणजे ६५ अक्षरं. आरएफसीची ओळ ७२ अक्षरांची, त्यामुळे समासासकट नेमकी बसते. या चित्राला रेंडर करणारा प्रोग्रामच लागत नाही, आणि म्हणून ते मोडतही नाही. सोर्स फाइलच्या टिप्पणीत पाच-सहा चौकटींचं चित्र हवं असेल तर आजही हीच पद्धत सगळ्यात टिकाऊ. फक्त लेबलं मराठीत नकोत. त्याचं कारण पुढे येईल.

पंगतीच्या घराण्यातला वडीलधारा ग्राफव्हिझ. तोही बेल लॅब्जच्याच परंपरेतला. त्याची चौकट काही सांगितलं नाही तर पाऊण इंच रुंद आणि अर्धा इंच उंच असते. 'पिक'चीच मापं, घराण्याची सवय म्हणायची की योगायोग, कुणास ठाऊक. त्याचा 'डॉट' हा प्रोग्राम चौकटी रांगांमध्ये बसवतो, आणि तो हे कसं करतो ते जाणून घेतल्याशिवाय त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. गॅन्सनर, कुट्सोफिओस, नॉर्थ आणि वो या चौघांनी १९९३ मध्ये ही पद्धत लिहून ठेवली. काम चार फेऱ्यांत होतं.

पहिल्या फेरीत कुठली चौकट कितव्या पंगतीत ते ठरतं. बाण शक्यतो वरून खाली जावा आणि बाणांची एकूण लांबी कमीत कमी व्हावी, हा तिथला हिशेब. फिरून मागे येणारे बाण हिशेबापुरते उलटे धरले जातात. दुसऱ्या फेरीत एकाच पंगतीतल्या चौकटींचा डावा-उजवा क्रम लागतो, बाण एकमेकांना कमीत कमी छेदावेत म्हणून. हे नेमकं सोडवणं गणिताच्या दृष्टीने अवघड आहे, त्यामुळे डॉट अंदाजाने क्रम लावतो आणि पंगती वरून खाली, खालून वर तपासत तो सुधारत जातो. मूळ निबंधात अशा २४ फेऱ्यांची मर्यादा आहे. तिसऱ्या फेरीत प्रत्यक्ष अंतरं, चौथ्यात बाणांची वळणं.

यातून रोज भेटणाऱ्या दोन गोष्टींचा उलगडा होतो. पहिली: एक बाण वाढवला आणि सगळं चित्र उलटंपालटं झालं. त्या एका बाणाने एखादी चौकट पंगत बदलते, तिच्यामागून तिची पिलावळ सरकते, आणि दुसऱ्या फेरीतला क्रम नव्याने लागतो. दुसरी: लांबलचक बाणाने मधल्या चौकटी बाजूला ढकलल्या. दोन-तीन पंगती ओलांडून जाणाऱ्या बाणासाठी डॉट प्रत्येक मधल्या पंगतीत एक न दिसणारं पान मांडतो. त्या अदृश्य पाहुण्यालाही जागा लागतेच.

म्हणून डॉटशी वागायची रीत अशी. मुख्य प्रवाह फाइलमध्ये आधी लिहावा, अपवाद आणि परतीचे बाण शेवटी, कारण ओळींच्या क्रमाचा परिणाम निकालावर होतो. परतीच्या बाणाला 'कन्स्ट्रेंट' हा गुणधर्म 'फॉल्स' द्यावा, म्हणजे पंगत ठरवताना तो मोजला जात नाही. निम्म्याहून अधिक कुरूप आकृत्या एवढ्यानेच सुधारतात. दोन चौकटी समोरासमोर हव्या असतील तर त्यांना एका छोट्या गटात टाकून 'रँक' 'सेम' म्हणावं. एखादा बाण सरळ हवा असेल तर त्याचं 'वेट' वाढवावं. दाटी वाटली तर 'नोडसेप' आणि 'रँकसेप' वाढवावे. न सांगितल्यास ते पाव आणि अर्धा इंच असतात. लेबलं लांब असतील तर 'रँकडिर' 'एलआर' करून आकृती आडवी करावी, मराठी लेबलांना तर हटकून. काटकोनी रेषांचा मोह मात्र आवरावा. 'स्प्लाइन्स'ला 'ऑर्थो' दिलं की चित्र रुबाबदार दिसतं, पण बाणांवरची लेबलं तिथे नीट बसत नाहीत, भलत्याच रेषेजवळ जाऊन पडतात.

एवढं करूनही भागलं नाही की लोक अदृश्य बाण घालू लागतात. एखाद-दुसरा चालतो. तीन झाले की थांबावं. अदृश्य बाण म्हणजे वाढप्याला एक सांगून पाठीमागून पानं स्वतः सरकवणं. पुढच्या माणसाला फाइलमध्ये तो बाण दिसतो, चित्रात दिसत नाही, तो कशासाठी आहे ते कळत नाही, आणि काढला की सगळं कोसळतं म्हणून कुणी काढतही नाही. अशी आकृती एक तर दोन आकृत्यांत फोडायची असते किंवा रांगोळीच्या घराण्यात न्यायची असते.

ग्राफव्हिझमध्ये डॉटखेरीज आणखीही मांडणारे आहेत. 'नीटो' आणि 'एफडीपी' बाणांना स्प्रिंग समजून ताण समतोल करतात, 'सर्को' वर्तुळात बसवतो, 'टूपाय' एका केंद्राभोवती कडी करतो. दिशा नसलेल्या जाळ्यासाठी, म्हणजे कुठलं यंत्र कुठल्या यंत्राशी जोडलेलं आहे अशा चित्रासाठी, नीटो बरा. अवलंबित्वाचं चित्र नीटोने काढू नये; त्यात वरचं कोण आणि खालचं कोण हेच हरवतं.

आता सिक्वेन्स डायग्राम. हा प्रकार मजकुरासाठीच जन्माला आला आहे म्हणा ना. पात्रं वरती एका ओळीत, काळ वरून खाली, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक निरोप. मांडणीचा प्रश्नच उरत नाही, कारण लिहिण्याचा क्रम हीच मांडणी. सरकवायला काही नसतं, त्यामुळे भांडण नसतं. संघात मजकुरी आकृत्यांची सवय लावायची असेल तर इथून सुरुवात करावी. लॉगिनचा प्रवास, पैसे भरण्याचा प्रवास, रांगेतला निरोप हरवला तर काय होतं याचा प्रवास. प्लँटयूएमएल आणि मर्मेड या मजकुरी आकृत्यांच्या दोन्ही साधनांत हे सुरेख जमतं. 'ऑटोनंबर' लावला तर प्रत्येक निरोपाला क्रमांक मिळतो आणि खालच्या परिच्छेदात "पायरी ७ अपयशी ठरली तर" असं लिहिता येतं. मात्र मध्ये एक निरोप घातला की क्रमांक पुढे सरकतात आणि परिच्छेदातला ७ तसाच राहतो, हेही लक्षात असू द्यावं.

मर्मेड निवडण्याचं खरं कारण त्याची भाषा नव्हे, त्याचा पत्ता आहे. नट स्वाइडक्विस्टने २०१४ मध्ये हे जावास्क्रिप्टमध्ये सुरू केलं. कोड ठेवायच्या संकेतस्थळांपैकी गिटलॅबने डिसेंबर २०१७ मध्ये आणि गिटहबने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी सजवलेल्या मजकुरात, थेट घेतलं. म्हणजे रीडमीमध्ये, प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, तीन उलटी अवतरणं टाकून मजकूर लिहिला की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. बिल्ड, म्हणजे फाइलींवरून अंतिम रूप बांधायची पायरी, नाही, सर्व्हर नाही, साठवलेलं चित्र नाही. ग्राफव्हिझ किंवा प्लँटयूएमएल गिटहबवर असं थेट दिसत नाही. ज्या संघाचे सगळे दस्तऐवज रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्या कोठारातच, वाचले जातात त्याने पहिली पसंती मर्मेडला द्यावी आणि त्याच्या खोडी शिकून घ्याव्या.

खोड्या बऱ्याच आहेत. फ्लोचार्टमध्ये इंग्रजी 'एन्ड' हा शब्द लहान अक्षरांत लेबल म्हणून आला की चित्र मोडतं, कारण तो गट बंद करण्याचा शब्द आहे. तीन आडव्या रेघांच्या जोडणीला लागूनच इंग्रजी 'ओ' किंवा 'एक्स'ने सुरू होणारं नाव आलं तर मर्मेड त्याला बाणाचं टोक समजतो आणि वर्तुळ किंवा फुली काढतो. मध्ये एक रिकामी जागा सोडली की प्रश्न मिटतो. लेबलात कंस आले तर लेबल अवतरणात घालावं, आणि खरं तर नेहमीच घालावं. सिक्वेन्समध्ये अर्धविराम म्हणजे नवी ओळ, त्यामुळे निरोपात अर्धविराम हवा असेल तर तो #५९; असा, अर्थात इंग्रजी आकड्यांत, लिहावा लागतो. आतल्या गटाची दिशा वेगळी ठेवता येते खरी, पण त्या गटातली एक जरी चौकट बाहेरच्या चौकटीला जोडली तरी ती दिशा निमूटपणे दुर्लक्षिली जाते. यावर तासन्‌तास जातात, कारण चूक म्हणून काहीच दाखवलं जात नाही.

सगळ्यात घातक खोड मात्र 'लिंकस्टाइल'ची. बाणाला रंग द्यायचा तर त्याचा क्रमांक सांगायचा, मोजणी शून्यापासून. तिसरा बाण लाल केला आणि उद्या कुणी वरती एक बाण वाढवला, की लाली शेजाऱ्याच्या कपाळी. रिव्ह्यूमध्ये फक्त एक नवी ओळ दिसते, रंग सरकल्याचं दिसत नाही. अपयशाचा मार्ग रंगाने दाखवायचा असेल तर बाणाऐवजी चौकटीला वर्ग द्यावा. तो नावाने लागतो, क्रमांकाने नाही.

आणखी एक: आपल्या यंत्रावरची मर्मेडची आवृत्ती आणि यजमान संकेतस्थळावरची आवृत्ती एक असेलच असं नाही. इथे दिसतं आणि तिथे लाल चूक येते. मर्मेडच्या ठोकळ्यात नुसता 'इन्फो' हा शब्द लिहिला की आवृत्तीचा आकडा दिसतो. नव्या प्रकारची आकृती वापरण्याआधी हे एकदा करून बघावं. आणि मर्यादाही आहेत: काही न बदलल्यास ५०० बाण आणि ५०,००० अक्षरं. तिथवर कुणी हाताने लिहून पोचत नाही. पोचलाच तर ती आकृती प्रोग्रामने निर्माण केलेली असणार, आणि अशी आकृती ग्राफव्हिझला द्यावी. डॉक्सिजनसारखं साधन कोडमधून आलेख काढताना ५० चौकटींवर हात आखडता घेतं, ते काही उगाच नाही.

दस्तऐवजाची पीडीएफ किंवा छापील प्रत लागत असेल तर मर्मेडची गंमत कमी होते. त्याचा आज्ञावलीतून चालणारा प्रकार पडद्याआड अख्खा क्रोमियम ब्राउझर उघडतो. बिल्डच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालवायच्या बंदिस्त डब्यात, तो ब्राउझर, त्याच्या लायब्ऱ्या आणि त्याच्या सँडबॉक्सची, म्हणजे सुरक्षेच्या कुंपणाची, कुरकुर, सगळं सांभाळावं लागतं; नाकापेक्षा मोती जड. शिवाय त्याच्या एसव्हीजीत लेबलं बऱ्याचदा एचटीएमएलच्या तुकड्यांत असतात. ब्राउझर ती दाखवतो, पण इंकस्केपसारख्या प्रोग्रामात चौकटी रिकाम्या दिसतात. 'एचटीएमएल-लेबल्स' बंद केलं की साधा मजकूर येतो.

प्लँटयूएमएल २००९ पासूनचं, आर्नो रोक यांचं, जावात लिहिलेलं. यूएमएल या प्रोग्रामची रचना रेखाटण्याच्या प्रमाण-पद्धतीची सगळी व्याकरणशुद्ध आकृती हवी असेल तर अजूनही याला तोड नाही. क्लास, कंपोनंट, स्टेट असल्या आकृत्यांची पंगत मांडायला ते आतून ग्राफव्हिझलाच बोलावतं. सिक्वेन्सला गरज लागत नाही. ग्राफव्हिझ बसवायचं नसेल तर 'स्मेताना' नावाची त्याची जावातली नक्कल एका प्रॅग्माने, म्हणजे फाइलमधल्या सूचनेच्या ओळीने, चालू करता येते. बाणाच्या पोटात 'लेफ्ट' किंवा 'डाउन' लिहून दिशा सुचवता येते. ही सोय मोठी, आणि हिचाच गैरवापर सगळ्यात जास्त होतो. प्रत्येक बाणाला दिशा लिहिलेली फाइल दिसली की समजावं, कुणीतरी पंगतीच्या घराण्यात राहून रांगोळी काढतं आहे.

प्लँटयूएमएलच्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या. पीएनजीची लांबी-रुंदी मूळ मर्यादेने ४०९६ पिक्सेलवर थांबते आणि पुढचं चित्र कापलं जातं. कापलेली कड रिकामी असेल तर लक्षातही येत नाही. 'प्लँटयूएमएल लिमिट साइझ' हे चल वाढवावं, किंवा सरळ एसव्हीजी घ्यावं. दुसरी गोष्ट गुप्ततेची. सार्वजनिक सर्व्हर वापरला तर आकृतीचा मजकूर दाबून पत्त्याच्या ओळीतच पाठवला जातो. ती अगम्य अक्षरं पाहून तो सांकेतिक वाटतो, पण ते कुलूप नव्हे, नुसती घडी आहे. कुणीही उलगडू शकतो. कंपनीच्या आतल्या सेवांची नावं असलेली आकृती तिथे जाऊ नये. स्वतःचा सर्व्हर चालवणं अवघड नाही. क्रोकी नावाचा एक कंटेनर घेतला तर ग्राफव्हिझ, प्लँटयूएमएल, डीटू, पिकचर असे बरेच प्रकार एकाच दारातून मिळतात. मर्मेडसाठी मात्र जोडीला दुसरा कंटेनर उभा करावा लागतो, पुन्हा त्याच ब्राउझरपायी.

डीटू नवखं, नोव्हेंबर २०२२ मध्ये खुलं झालेलं, गो भाषेतलं. त्याची भाषा वाचायला या सगळ्यांत सोपी. ग्राहक -> सर्व्हर: मागणी, एवढी ओळ ही पूर्ण आकृती आहे, आणि ती देवनागरीतच चालते. मांडणीसाठी मूळ 'डागर', सोबत 'ईएलके', आणि 'ताला' नावाची तिसरी, वेगळी आणि परवान्याची. गटांत गट असतील तर ईएलके बहुधा नीटस काढतं. फाइल नीट मांडून देणारा फॉरमॅटर अंगचाच आहे, त्यामुळे रिव्ह्यूत रिकाम्या जागांचे वाद होत नाहीत. उणीव एकच: गिटहबसारख्या ठिकाणी ते आपसूक दिसत नाही, बिल्ड लागतोच.

एकच सेवा सहा आकृत्यांत येत असेल तर मात्र यांतलं कुठलंच साधन पुरत नाही, कारण नाव सहा ठिकाणी बदलावं लागतं. सायमन ब्राउन यांच्या स्ट्रक्चरायझरच्या भाषेत आधी प्रतिमान लिहायचं, कोण आहे आणि कोण कुणाशी बोलतं, आणि मग त्यातून दृश्यं मागायची. सी-फोर पद्धतीच्या चार पातळ्या, संदर्भ, कंटेनर, कंपोनंट आणि कोड, यांसाठी ते बेतलेलं आहे. चौथी पातळी हाताने काढायच्या फंदात कुणी पडू नये. कोडच बरा.

आता आपल्या लिपीचं. दस्तऐवज मराठीत असोत वा नसोत, सरकारी कामाच्या, शाळेच्या, सहकारी बँकेच्या प्रणालीत लेबलं देवनागरीत येतातच. तिथे पहिला बळी अक्षरांनी काढलेल्या चित्राचा जातो. 'क्षि' हे डोळ्यांना एक अक्षर, पण संगणकाच्या लेखी क, हलन्त, ष आणि इकार अशी चार चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. अक्षरचित्राचं रेखीव चित्र करणाऱ्या आणि अक्षरागणिक एक घर धरणाऱ्या डिटासारख्या साधनाची उजवी भिंत मग तिसऱ्याच स्तंभात जाते.

बाकीच्या साधनांत प्रश्न असतो मापाचा. चौकट किती रुंद हवी हे ठरवायला साधनाला मजकुराची रुंदी आधी मोजावी लागते. ती ज्या फॉन्टने मोजली आणि वाचणाऱ्याकडे जो फॉन्ट उघडला, ते वेगळे असले की मजकूर चौकटीबाहेर सांडतो. ग्राफव्हिझला 'फॉन्टनेम'मध्ये 'नोटो सॅन्स देवनागरी' असं स्पष्ट सांगावं. न सांगितल्यास तो टाइम्स धरतो. बिल्डच्या कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो आणि चित्रात रिकाम्या चौकोनांची रांग उमटते, हे तर नेहमीचंच. डेबियनवर 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' किंवा 'फॉन्ट्स-लोहित-देवा' बसवावं आणि 'एफसी-लिस्ट'ला एमआर ही भाषा देऊन खात्री करावी. जावाच्या बारीक कंटेनरमध्ये फॉन्ट शोधून देणारं 'फॉन्टकॉन्फिग'ही नसतं, आणि मग प्लँटयूएमएल चित्र काढण्याआधीच मान टाकतं. विंडोजवर जुना जावा असेल तर कॅरसेट यूटीएफ-८ आहे असं आज्ञेत सांगावं. जावा १८ पासून ते गृहीत असतं.

प्लँटयूएमएलच्या एसव्हीजीत आणखी एक मेख आहे. ते प्रत्येक मजकुराची लांबी आकड्यात लिहून ठेवतं आणि वाचणाऱ्याचा फॉन्ट अरुंद निघाला तर अक्षरांमधलं अंतर ताणायला लावतं. रोमन लिपीत हे खपून जातं. देवनागरीत शिरोरेषेला फटी पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. छापायचं असेल तर अशा वेळी दुप्पट मापाचं पीएनजी परवडतं. मर्मेडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने येतो: वेबफॉन्ट उतरायच्या आत आकृती मोजली गेली तर शेवटची मात्रा कापली जाते. फॉन्ट तयार झाल्यावरच रेंडर बोलवावं.

चाचणीसाठी "दुसऱ्या सर्व्हरवर क्षणिक प्रत" असं एक लेबल ठेवावं. त्यात 'ऱ्या'चा अर्धा र आहे, रफार आहे, जोडाक्षर आहे, आणि मागे लिहायची पण आधी दिसणारी वेलांटीही. हे चारही नीट उमटले तर बाकी मराठी निभावतं. चौकटींची अंतर्गत नावं मात्र रोमनमध्ये छोटी ठेवावी आणि दिसणारं लेबल अवतरणात मराठीत. भाषा सुधारताना बाण तुटत नाहीत.

साधन किती वर्षं टिकेल, हा प्रश्न सहसा शेवटी विचारला जातो. ब्लॉकडायग हे पायथनमधलं गोंडस साधन एके काळी पुष्कळ दस्तऐवजांत होतं. त्याची देखभाल मंदावली, आणि पिलो या चित्र-लायब्ररीने २०२३ मध्ये दहाव्या आवृत्तीत मजकूर मोजायचं एक जुनं फंक्शन काढून टाकलं, तसं ब्लॉकडायग चालेनासं झालं. आकृत्यांचा मजकूर शाबूत, वाढपीच गायब. म्हणून काढलेलं एसव्हीजीही मजकुराशेजारी कमिट करावं, या मताकडे माझा कल आहे. त्यावर आक्षेप असा की रिव्ह्यू निरर्थक आकड्यांनी भरतो, आणि तो खराही आहे. ग्राफव्हिझ एसव्हीजीच्या माथ्यावर स्वतःची आवृत्ती लिहितो, त्यामुळे नुसतं साधन अद्ययावत केलं तरी प्रत्येक फाइल बदललेली दिसते. तोडगा साधा आहे: साधनाची आवृत्ती कंटेनरमध्ये खिळवून ठेवायची, ती बदलण्याचं कमिट वेगळं करायचं, आणि बिल्डमध्ये आकृत्या पुन्हा काढून फरक आला तर बिल्ड पाडायचा. मग मजकूर बदलून चित्र काढायला विसरणारा पकडला जातो.

सगळंच मजकुरात यावं असा हट्ट नको. सर्व्हर-खोलीतल्या रॅकची मांडणी, पडद्याचा आराखडा, शहराच्या नकाशावरचे टॉवर, इथे जागा हाच अर्थ आहे. तिथे ड्रॉ.आयओसारखं हाताने काढायचं साधन घ्यावं आणि पुन्हा उघडता येईल असं एसव्हीजी साठवावं. मूळ त्याच्या पोटातच राहतं, लॅपटॉपवर हरवत नाही.

निवडीबद्दल संघात एकमत होत नसेल तर बैठक घेण्यापेक्षा रिपॉझिटरीतली सगळ्यात किचकट आकृती घ्यावी आणि दोन साधनांत लिहून काढावी. मग तीन बदल करावे: एका चौकटीचं नाव दुप्पट लांब करावं, एक परतीचा बाण घालावा, मधली एक चौकट काढावी. प्रत्येक बदलानंतर दोन गोष्टी पाहाव्या, मजकुरात किती ओळी बदलल्या आणि चित्रात किती चौकटी हलल्या. शेवटी तेच पान फोनवर, गडद रंगसंगतीत उघडावं. ग्राफव्हिझच्या एसव्हीजीला मुळात पांढरी पार्श्वभूमी असते; ती कुणी हौसेने पारदर्शक केली असेल तर काळे बाण काळ्यावर विरघळलेले असतात आणि चौकटींतली अक्षरंही.